दहावीनंतर काय, हे सांगणाऱ्यानं आधी काय शिकावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवतो, सतरा वर्षं झाली. जूनपासून शाळेनं करिअर मार्गदर्शनाचं काम माझ्या गळ्यात घातलंय. पात्रता काय, तर माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि मला ऑनलाइन फॉर्म भरता येतात.

तसं हे काम मी आधीपासून करतच होतो, बिनपगारी आणि बिनअभ्यासाचं. त्यातलं एक सांगतो, मग प्रश्न विचारतो.

चार वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. दहावीला ६२५ पैकी ५७१. वडील गवंडीकाम करणारे. मुलीला कोल्हापूरला मावशीकडं ठेवून अकरावी-बारावी करावी असं त्यांच्या मनात. मला विचारायला आले. मी छातीठोकपणे सांगितलं, "बारावी तिकडं केली तर इकडची सीईटी गेली म्हणून समजा." कुणी सांगितलं होतं मला? कुणीतरी. स्टाफरूममध्ये सगळेच म्हणायचे. मुलगी इथंच राहिली. बेळगावला जायला रोज दोन बस बदलायच्या, दहावीपर्यंत मराठीतलं विज्ञान एकदम इंग्रजीत आलेलं, घरी यायला सात वाजायचे. फेब्रुवारीत तिनं सायन्स सोडलं.

यंदा जबाबदारी आली म्हणून केसीईटीची (कर्नाटकाच्या सीईटीची) माहितीपुस्तिका पहिल्यांदा स्वतः वाचली. पहिली ते बारावीत एकूण सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून पास, असा नियम. म्हणजे पोरगी कोल्हापूरला गेली असती तरी इकडची सीईटी शाबूत होती. दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

प्रश्न असा: या कामाचं रीतसर शिक्षण कुठं मिळतं? काय करावं, कुठं जावं, नोकरी सांभाळून जमतं का? आणि कायद्यानं काही सक्ती आहे का?


निपाणी_नाका

कोर्स कशाला ओ सर? तुमची चूक कोर्स नसल्यामुळं झाली नाही, पुस्तिका वाचली नाही म्हणून झाली. ती फुकट आहे. कोर्सवाल्यांनी आधीच धंदा मांडलाय, त्यात तुमची भर नको. आमच्या गल्लीत एकजण कालपरवापर्यंत झेरॉक्सचं दुकान चालवत होता, आता 'सर्टिफाइड करिअर कोच'. चार रविवारचा ऑनलाइन कोर्स. बोर्ड बघून वाटतंय, आत आयएएस बसलाय.


मोगरा

मी बेळगावातच एका सीबीएसई शाळेत समुपदेशक आहे. धारवाडला मानसशास्त्रात एम.ए., नंतर एनसीईआरटीची पदविका. जरा लांब लिहिते, घाई असेल त्यांनी पुढं सरकावं.

आधी कायद्याचं. करिअर समुपदेशक म्हणून बोर्ड लावायला आपल्याकडं परवाना लागत नाही. निपाणी_नाका यांचा झेरॉक्सवाला त्यामुळंच कायदेशीर आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तसं नाही, तिथं रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते, त्याला १९९२ चा कायदा आहे. नुसतं एम.ए. करून कुणी ते बिरुद लावत असेल तर ते चूक, आणि मी ते लावत नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक नेमण्याची अट आहे, म्हणून माझी नोकरी आहे. ती अट तुमच्या शाळेला लागू नाही, म्हणून तुमच्या गळ्यात घंटा.

आता शिक्षणाचं. तुमच्यासारख्या नोकरीतल्या प्रशिक्षित शिक्षकासाठी सर्वांत सरळ वाट म्हणजे एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका. वर्षभराची, जानेवारी ते डिसेंबर. पहिले सहा महिने घरून अभ्यास, मग तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष, शेवटचे तीन महिने आपल्याच गावात इंटर्नशिप. कर्नाटकातल्या शिक्षकांना केंद्र म्हैसूर, तिथली प्रादेशिक शिक्षण संस्था. महाराष्ट्रातल्यांना भोपाळ. म्हणजे शिनोळीतला मास्तर भोपाळला जाणार आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या गावातला म्हैसूरला! हे आपल्या नशिबातच आहे.

घरून करायचा भाग सोपा वाटतो, तो सोपा नाही. केंद्रावरचे तीन महिने मात्र आयुष्यभर पुरतात. तिथं आम्हाला तिघातिघांचे गट करून बसवायचे. एकानं अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायचं, तिसऱ्यानं नोंद करायची. पहिल्या दिवशी माझ्या नोंदीत काय आलं माहितीये? अकरा मिनिटांत मी नऊ सल्ले दिले होते आणि समोरच्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. शिक्षकांची ही जातच, उत्तर ठाऊक असलं की गप्प बसवत नाही. खडूफळा, तुमचा नियम बरोबर असता तरी त्या मुलीला तुम्ही काही विचारलं होतं का? रागावू नका.

चाचण्यांविषयी वेगळं लिहिते, आता तास आहे.


खडूफळा

नाही विचारलं. वडिलांशीच बोललो. ती दाराजवळ उभी होती.


निपाणी_नाका

बरं, हे मात्र लागलं बघा.


अक्काताई

मोगराबाई, चाचण्यांचं लवकर लिहा. गेल्या साली आमच्या धाकट्याच्या शाळेत एक कंपनी आली. दहाही बोटांचे ठसे घेतले, साडेतीन हजार रुपये, आणि चाळीस पानांचं रंगीत पुस्तक दिलं. त्यात लिहिलंय की मुलाचा मेंदू 'संगीत व व्यवस्थापन' प्रकारचा आहे. तो पोरगा दिवसभर मोटारी उघडून बसतो. मिस्टर म्हणतात एवढे पैसे मोजलेत तर बीबीए घालूया.


मोगरा

अक्काताई, ते पुस्तक माळ्यावर टाका. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि कल सांगणाऱ्या त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही तसं जाहीर म्हटलं आहे. ठसे गर्भातच तयार होतात हे खरं. त्यावरून बीबीए निघत नाही.

खऱ्या चाचण्यांचंही ऐका, कारण त्यांतही फसायला होतं. आवड वेगळी, अभिक्षमता वेगळी. आवडीची चाचणी विचारते तुला काय करायला बरं वाटेल. हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे सहा प्रकार आहेत: हातानं काम करणारा, शोध घेणारा, कलावंत, माणसांत रमणारा, धंदा-पुढाकारवाला, आणि शिस्तीत नोंदी ठेवणारा. अभिक्षमता चाचणी वेळ लावून प्रश्न सोडवून घेते: आकृत्या, आकडे, शब्द, यंत्रं. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी व्हायची. माझ्या नणंदेच्या मुलाला त्यात 'ललित कला' आलं, आणि घरात आठ दिवस सुतक. आवडीच्या चाचणीचा निकाल त्यांनी कुवतीचा म्हणून वाचला होता.

दुसरं, मानकं. चाचणीतला गुण कुणाच्या तुलनेत हे ठरलेलं असतं. शतमक ४० म्हणजे शंभरातले चाळीस मार्क नव्हेत. ज्या मुलांवर चाचणी बेतली त्यांतल्या शंभरातल्या साधारण चाळीस मुलांच्या तो पुढं आहे, एवढाच अर्थ. आता शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर बेतलेली चाचणी तुम्ही जांबोटीच्या मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीतून दिली, की शाब्दिक तर्कात तो आपटणारच. ते त्याचं इंग्रजी मोजलं गेलं, तर्क नव्हे. मराठीतून चाचणी हवी असेल तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं काम जुनं आहे. सीबीएसई-एनसीईआरटीची 'तमन्ना' नावाची नववी-दहावीसाठीची अभिक्षमता चाचणी फुकट आहे. पण भाषा आधी तपासा. आणि कुठलीही चाचणी पोराच्या हातात पान देऊन संपवायची नसते, त्याच्याशी बसून वाचायची असते. हे वाचायला शिकणं म्हणजेच पदविकेतला निम्मा अभ्यास.


पुण्यातला_बेळगावी

मी एका कंपनीत भरती बघतो. माझं मत थोडं वेगळं. सर, पदविका जरूर करा, पण तुम्ही जी चूक सांगितलीत तसली चूक म्हैसूरला कुणी दुरुस्त करणार नाही. सीमाभागातल्या पोरापुढं दोन राज्यांचे दरवाजे असतात आणि दोन्हींची कुलपं वेगळी. हे जगातल्या कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

उदाहरण देतो. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात उमेदवारांचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार असतात. त्यातला 'ई' आपल्यासाठी: वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी पास आणि मातृभाषा मराठी. त्यासाठी दोन दाखले लागतात, एक सीमाभागाचा, एक मातृभाषेचा. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्यांत आपलं गाव आहे का ते आधी बघायचं. माझ्या वर्गातल्या तिघांना हे बारावीच्या निकालानंतर कळलं. दाखल्यांसाठी धावाधाव, तोवर फॉर्मची मुदत संपलेली. एकानं शेवटी मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं, बापानं शेत गहाण टाकून.

गंमत म्हणजे उलट्या बाजूलाही हेच आहे. गडहिंग्लज, जत, अक्कलकोटकडच्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकच्या सीईटीत गडिनाडू (सीमाभागातले) म्हणून वेगळी वाट आहे. त्यांना कन्नडची परीक्षा द्यावी लागते. दोन्हीकडची राज्यं पोरांना आपलं म्हणतात, पण सांगायला कुणी शाळेत येत नाही.


निपाणी_नाका

आता सीमाप्रश्न निघाला, धागा दोनशे प्रतिसाद जाणार.


पुण्यातला_बेळगावी

नाही काढत. फक्त दाखल्यांचं सांगितलं.


तीन_पेन्शनी

गडहिंग्लजहून. वय ७४, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. नाव वाचून हसू नका, पेन्शन एकच आहे, खाणारे तीन.

हा विषय नवा असल्यासारखं सगळे लिहिताहेत. आमच्या काळी प्रत्येक मोठ्या शाळेत एक 'करिअर मास्टर' असायचा. मुंबईत व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था होती, महाराष्ट्र सरकारची. तिथून शिकून आलेला शिक्षक म्हणजे शाळेची शान. मीही गेलो होतो. चाचण्या शिकवल्या, मुलाखत शिकवली, त्यातलं बरंचसं आता विसरलो. एक गोष्ट विसरलो नाही. आम्हाला प्रत्येकी एका कामाच्या जागी पाठवलं होतं आणि त्या कामाचा अभ्यास लिहून आणायचा होता. माझ्या वाट्याला छापखाना आला. माणूस किती वाजता येतो, उभा राहून काम की बसून, डोळ्यांवर ताण किती, पहिल्या वर्षी पगार किती, दहाव्या वर्षी किती, पन्नाशीत तो काय करतो, हे काम त्याला कुणी शिकवलं. असं तीन दिवस बसून लिहिलं. परत आल्यावर शाळेत मी मुलांकडूनच असे अभ्यास लिहून घेऊ लागलो. एकानं विडी वळणाऱ्या स्वतःच्या आईचा लिहिला होता. वही अजून माझ्याकडं आहे.

या कामाची सुरुवात म्हणतात ती १९०८ साली बोस्टनमध्ये, पार्सन्स नावाच्या गृहस्थानं. त्याचं सूत्र सोपं होतं: माणूस ओळखा, काम ओळखा, दोन्हींचा मेळ बसवा. आजकालच्या प्रशिक्षणात पहिल्यावर सगळा जोर, दुसरं इंटरनेटवर सोडलेलं.


साचेवाला

तीन_पेन्शनी सरांना दंडवत. हेच मी सांगणार होतो, पण मला लिहायला येत नाही चांगलं.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं साचे बनवायचं छोटं टूलरूम. पोरं मिळत नाहीत ओ. दहावी झालेला पोरगा घरी बसून असतो आणि बाप म्हणतोय इंजिनिअरिंगच पाहिजे. बेळगावातच जीटीटीसी आहे, सरकारी टूलरूम. दहावीनंतर टूल अँड डायचा डिप्लोमा, तीन वर्षं शिकायचं आणि वर्षभर कारखान्यात. मी तिथलाच. आमच्या मास्तरांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मला माझ्या मामानं पाठवलं. करिअर मार्गदर्शक म्हणून फिरणारे किती जण कधी फाउंड्रीत पाय ठेवून गेलेत? सर, तुम्ही पोरं घेऊन या. चहा माझा.


अक्काताई

साचेवाले भाऊ, आमच्या धाकट्याला पाठवू का? मोटारी उघडणारा.


साचेवाला

पाठवा की अक्का. पण आधी दहावी नीट होऊ दे, गणित चुकवायला देऊ नका. डाय बसवायला मायक्रॉन मोजायचे असतात.


रानवाट

मी खानापूरचाच, सध्या गोव्यात. आमच्या गल्लीत पहाटे पाचला वीसेक पोरं पळत असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं घराघरात फौजेचं वेड. अग्निवीर जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा सैनिक) दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात, हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं. छाती फुगते, मार्कशीट ४१ वर. मार्गदर्शकानं हे आठवीत सांगितलं तर उपयोग. आणि चार वर्षांनी परत आल्यावर काय, तेही कुणीतरी बोलावं.


मोगरा

तीन_पेन्शनी सर, तुमचा टोमणा मान्य, अर्धा. दुसरा अर्धा मांडते.

या कामाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९५१ ची. तिनं २००३ मध्ये मार्गदर्शकाच्या क्षमतांची यादी ठरवली. त्यात चाचणी, माहिती हे सगळं आहेच, पण सर्वांना लागणाऱ्या मूळ क्षमतांमध्ये नैतिक वागणूक आहे, समोरच्याच्या सांस्कृतिक वेगळेपणाची जाण आहे, आणि स्वतःची कुवत व मर्यादा ओळखणं आहे. कारखाना बघून हे येत नाही. गेल्या मार्चमध्ये एक मुलगा माझ्याकडं 'कॉमर्स की सायन्स' विचारायला आला आणि विसाव्या मिनिटाला म्हणाला, मॅडम, जगायचंच नाहीये. तिथं हॉलंडचे सहा प्रकार घेऊन काय करणार होते? मी त्याला एकटं सोडलं नाही, घरच्यांना बोलावलं आणि धारवाडच्या डिमहान्सला, तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवलं. आता तो बरा आहे. आपलं काम कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हे शिकावं लागतं. खडूफळा, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, फुकट आहे.

कुणीतरी परदेशी प्रमाणपत्रांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता. जीसीडीएफ म्हणून एक आहे, त्याला १२० तासांचं प्रशिक्षण लागतं. चांगलं आहे, पण आपल्या शाळांना त्याचं काय? आधी म्हैसूर. ज्यांना पूर्णवेळ हेच करायचंय त्यांनी मानसशास्त्रात एम.ए. करावं. 'चार रविवार' वाल्यांना एकच विचारा: देखरेखीखाली किती मुलांशी बोलायला लावता? उत्तर शून्य आलं तर पैसे वाचवा.


निपाणी_नाका

मोगराबाई, मी पहिल्या प्रतिसादातलं 'कोर्स कशाला' मागं घेतो. अर्धं.


खडूफळा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, सहामाही पेपर तपासत होतो.

मुख्याध्यापकांशी बोललो. तीन महिने म्हैसूरला म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. विज्ञानाला दुसरा माणूस कुठून आणणार? शेवटी असं ठरलं की या जानेवारीला नाही, पुढच्या जानेवारीच्या तुकडीसाठी अर्ज करायचा, खात्याची परवानगी आत्तापासून मागायची. मोगरा, अर्ज खात्यामार्फतच जातो की थेटही करता येतो, ते व्यनित सांगा.

तोवर दोन वह्या घातल्यात. एकीत दोन्ही राज्यांचे नियम, दरवर्षी नव्या पुस्तिकेवरून स्वतः वाचून, तारखेसकट. स्टाफरूममधलं ऐकून एक ओळही लिहायची नाही. दुसरीत तीन_पेन्शनी सरांच्या पद्धतीनं कामांचे अभ्यास. दहावीची मुलं लिहिताहेत. आतापर्यंत आलेत: कुंभारकाम, काजूची फॅक्टरी, गोव्यातल्या हॉटेलचं किचन (रानवाट, तुमच्याच गल्लीतला पोरगा असावा), बस कंडक्टर. कुंभारकाम लिहिणाऱ्या मुलाला खानापुरात खादी आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्था आहे हे माहीत नव्हतं. तो तिच्यावरून रोज शाळेत येतो.

आणि हो, पोरांना वर्गात सल्ला द्यायचा नाही, आधी पाच प्रश्न विचारायचे असं ठरवलंय. पहिल्या दिवशी तिसऱ्या प्रश्नावर फुटलो.


अक्काताई

सर, त्या मुलीला सांगितलासा काय? नियमाचं?


खडूफळा

सांगितलं. घरी जाऊन. वडील काही बोलले नाहीत. ती आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बी.एड. करणार म्हणते. मी माफी मागितली तर म्हणाली, "सर, जाऊ दे. पण माझा भाऊ नववीत आहे, त्याचं तरी बघून सांगा." मग माझं सोडून त्यालाच विचारलं, तुला काय आवडतं. म्हणाला, वेल्डिंगच्या ठिणग्या. साचेवाले, रविवारी त्याला घेऊन येऊ का?


साचेवाला

रविवारी नको ओ सर, कारखाना बंद. शनिवारी या. चष्मा मी देतो, चप्पल नको, बूट घालून यायला सांगा त्याला.